शून्यानंतर दोन

तापमान शून्याच्या खाली गेलं तर पडद्यावर ‘कोट घाला’ असं दाखवायचं, असा एक धडा आमच्या संगणकाच्या मराठी धड्यांत होता. ‘जर-तर’ची अट कशी लिहायची हे शिकवणारा. पेडण्याच्या एका मुलाने तो तंतोतंत उतरवून घेतला, मोबाइलवर चालवला आणि आम्हाला कळवलं की प्रोग्राम बिघडलेला आहे, कोट येत नाही. मी विचारलं, तापमान किती दिलंस? तो म्हणाला, आज आहे तेवढं. मे महिना चालू होता. पुढे डिसेंबरात त्याने आठवणीने पुन्हा चालवून बघितलं आणि पुन्हा कळवलं, अजून कोट नाही.

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मूळ धडा जिथे लिहिला गेला तिथे बर्फ पडत असेल. आपल्याकडे ती अट जन्मात खरी होणार नाही, आणि शिकणाऱ्याला मात्र वाटत राहणार की आपल्यालाच जमत नाही. मी तापमान काढून टाकलं, ‘पाऊस असेल तर छत्री घ्या’ असं लिहिलं. त्या मुलाचा लगेच निरोप आला, आता चालतंय.

अशा बारीक दुरुस्त्या करणं हे माझं काम. काम म्हणावं की नाही याचा मला अजून संकोच वाटतो. दिवाळी अंकात आपल्या कामाबद्दल लिहिणारी माणसं साधारणपणे सेवानिवृत्त असतात, त्यांच्यापाशी सांगायला आयुष्यभराचं असतं. मी तर कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. पण संपादकबाई म्हणाल्या, हे काम असतं हेच कुणाला माहीत नाही, तू लिही. ते खरं आहे. माझ्या घरातही कुणाला नीटसं माहीत नाही.

आम्ही मूळचे दोडामार्गाकडचे. बाबा खनिजाच्या ट्रकावर होते, त्यासाठी डिचोलीत आले. खाणी थांबल्या, ट्रक उभा राहिला, पण बाबा परत गेले नाहीत. जवळच्या लाटंबार्शात दुसऱ्याचं भाताचं शेत अर्धेलीने करतात, काजूच्या दिवसांत काजू गोळा करतात. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. मी संगणकाची भाषा शिकते असं सांगितलं तेव्हा बाबांनी विचारलं होतं, “ती खंयच्या लोकांची?” मी म्हटलं, ती कुणी बोलत नाही, संगणकाला काम सांगायचं असतं तिच्यातून. ते म्हणाले, “म्हणजे नांगराक जुपल्यार बैलाशी बोलतत, तशी.” तेव्हा मला हसू आलं होतं. पण जसजशी शिकत गेले तसतसं वाटलं, कॉलेजात कुणी याहून सोपं करून सांगितलं नाही.

कॉलेजात सगळं इंग्रजीतून. तास संपला की मी ग्रंथालयाच्या कोपऱ्यात बसून मोबाइलवर तेच मराठीतून वाचायची, कुणी बघत नाही ना याची काळजी घेत. हे मराठी धडे काही हौशी लोकांनी इंग्रजीवरून केलेले आणि सगळ्यांना फुकट वाचायला ठेवलेले आहेत. एका धड्यातला दाखला मी जसाच्या तसा लिहिला तरी चालेना. आठवडाभर मी स्वतःला दोष देत होते. मग दिसलं, धड्यातच शेवटचं अवतरणचिन्ह राहून गेलं होतं. पानाखाली लिहिलेलं होतं, ‘चूक आढळल्यास दुरुस्ती सुचवा’. ते आपल्यासाठी नसावं असं मला वाटलं. दोन-तीनदा लिहून पुसलं. शेवटी पाठवलं ते असं: ‘कदाचित माझी समजण्यात चूक होत असेल, पण इथे एक चिन्ह कमी आहे का?’ उत्तर आलं, ‘कमी आहे. जोडलं. आणखी सापडलं तर पाठवा.’

ते उत्तर अभय सरांचं. ते नगर जिल्ह्यातले, नोकरी करतात आणि उरलेल्या वेळात या धड्यांची राखण करतात. राखण हा माझा शब्द. दुरुस्ती कुणीही सुचवू शकतं, पण अभय सरांनी बघून ‘जोडली’ म्हटल्याशिवाय ती धड्यात जात नाही. सुचवताना कारण लिहावं लागतं. मी कारण फार लांबलचक लिहायची. सरांनी एकदा हळूच कळवलं, ‘दुरुस्ती एका अक्षराची आणि कारण दीड पानाचं, असं नको.’

दुरुस्त्या कसल्या असतात म्हणाल तर अगदी क्षुल्लक. भाषांतर करणाऱ्याने उत्साहाच्या भरात प्रोग्राममधले आकडेही देवनागरी केलेले असतात. वाचायला छान, संगणकाला नामंजूर. सरळ अवतरणचिन्हांच्या जागी मोबाइलने आपणहून वाकडी, सुबक चिन्हं घातलेली असतात, तीही नामंजूर. ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा कुठेतरी गळून पडलेली असते, आणि आम्ही ज्या भाषेचे धडे करतो त्या पायथनमध्ये त्या मोकळ्या जागेलाही अर्थ असतो. या कामाचा एक दोष असा की नीट केलेली दुरुस्ती कुणाला दिसत नाही. तिथे काही बिघडलेलं होतं हेच नंतर कळत नाही. आईने एकदा विचारलं, तू केलेलं दाखव. मी पान उघडून दाखवलं. तिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, “हेच्यात तुजा खंयचा?” 

अभय सरांनी नाकारलेल्या सूचनाही आहेत. एकेका घरापुढे थांबत जाणाऱ्या पोस्टमनचा एक दाखला होता, तेच काम पुन्हा पुन्हा कसं करायचं हे शिकवणारा. मी तिथे पोदेर घातला. आमच्याकडे सकाळी सायकलवरून भोंगा वाजवत पाव घेऊन येतो तो. पोस्टमन रोज येत नाही, पोदेर रोज येतो. सरांनी विचारलं, पोदेर म्हणजे कोण? मी सांगितलं. ते म्हणाले, गोष्ट छान आहे, पण धडा लातूरच्या आणि चंद्रपूरच्या मुलांचाही आहे. मला पटलं, थोडं वाईटही वाटलं. पोदेर अजून बाहेरच आहे.

हे सगळं सांगितलं ते शालन वहिनींची हकिकत नीट कळावी म्हणून.

धड्यांच्या खाली ‘अडलं तर इथे विचारा’ अशी जागा असते. गोव्याकडून कुणी विचारलं तर उत्तर मी द्यायचं असं ठरलं होतं. तिथे एक दिवस हरमलहून निरोप आला. ‘बाय, तुमचो धडो माजी दोन नंबरची खोली खाता.’

मी फोन केला. शालन वहिनी हरमलच्या. नवरा होडीवर, घराच्या मागच्या अंगाला पर्यटकांसाठी पाच खोल्या. कुठली खोली कुणाला दिली हे आजवर थोरल्या दिरांच्या डोक्यात असायचं. मागच्या मोसमात त्यांनी एकच खोली दोन पाहुण्यांना दिली आणि अंगणात मोठं भांडण झालं. तेव्हापासून त्यांचं ठरलं होतं की झंझट नको, पाचही खोल्या बागा किनाऱ्याकडच्या एका एजंटाच्या हवाली करायच्या. तो पाहुणे आणणार, तोच ठरवणार, घरातल्यांनी फक्त चादरी बदलायच्या. चादरी बदलायच्या म्हणजे शालन वहिनींनी.

वहिनी बारावीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी दिरांना म्हटलं, मी मोबाइलवर असं काही करते की एक खोली दोघांना जाणारच नाही. दिरांनी दसऱ्यापर्यंतची मुदत दिली. मोसम त्यानंतरच सुरू होतो, एजंटालाही तोवरच थांबायचं होतं. तयार अॅप मिळतात असं मी सुचवलं. त्या म्हणाल्या, ती बघून झाली, त्यांत भावजी विचारतात तसलं काही नसतं. भावजी विचारतात, ही बाई मागच्या वर्षी कुठे उतरली होती, हिला डास चावतात की नाही.

त्यांनी पहिल्यांदा दिरांना करून दाखवलं तेव्हा पडद्यावर पहिली खोली आली, मग तिसरी, चौथी, पाचवी आणि खाली लाल अक्षरांत इंग्रजी ओळ. दोन नंबरची खोली आलीच नाही. ती नेमकी समुद्राकडच्या खिडकीची, एक रशियन बाई दरवर्षी हटकून तीच मागते. दिरांनी चष्मा काढून विचारलं, “आणि दोन नंबरची खंय गेली? समुद्रात?” घरातली सगळी हसली. ते सांगताना वहिनी स्वतःही हसत होत्या, पण मग म्हणाल्या, “बाय, एकदा हसली ता ठीक आसा. दुसऱ्यांदा हसली तर माज्या हातात चादरीच.”

मी त्यांचा प्रोग्राम मागवून बघितला. इथे थोडं समजावते. यादीतल्या वस्तू संगणक शून्यापासून मोजतो. पाच खोल्या असल्या तर पहिलीचा क्रमांक शून्य, दुसरीचा एक, आणि पाचवीचा चार. वहिनींनी लिहिलं होतं: शून्य, दोन, तीन, चार, पाच. एक गाळला होता. त्यामुळे दुसरी खोली राहिली आणि शेवटी पाच क्रमांकाची, म्हणजे नसलेलीच, खोली मागितली म्हणून लाल अक्षरं. मी म्हटलं, टाइप करताना एक राहिला तुमचा, बाकी सगळं बरोबर आहे. त्यांनी सुधारलं, चाललं.

चार दिवसांनी पुन्हा फोन. आता त्यांनी भाड्याच्या स्कूटरांची यादी केली होती आणि दुसरी स्कूटर नाहीशी झाली होती. बघते तर पुन्हा शून्य, दोन, तीन. मी विचारलं, वहिनी, शून्यानंतर एक का नाही लिहीत? त्यांनी यादी मोठ्याने वाचली. मग म्हणाल्या, “पयली ती शून्य, ह्या माका समाजला. मगे दुसरी ती दोन. मदीच एक खंयसून येतलो?”

 शून्यापासून मोजायचं असतं, ही ओळ मी पुन्हा वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, ती त्यांना पाठ आहे.

मग मी मागचे निरोप उघडले. डिचोलीच्या एका मुलीचं तेच. शिरगावच्या एकाचं तेच. कोटवाल्या मुलाचंही तेच होतं, मी तेव्हा घाईत दुरुस्त करून दिलं होतं. ही चूक कुठल्याही पुस्तकात सांगितलेली नाही. पुस्तकात सांगतात की नवशिके एकपासून मोजायला लागतात. शून्यावरून थेट दोनवर उडी मारणारे आमच्याच बाजूचे. मी अभय सरांना लिहिलं की इथे एक इशारा घालावा. त्यांनी विचारलं, कशाचा? कारण काय? कारण माझ्याकडे नव्हतं. सरांनी लिहिलं, ‘निष्काळजीपणा असेल. निष्काळजीपणासाठी धडा बदलत नाहीत.’ त्यांचंही बरोबर होतं. पण शालन वहिनी निष्काळजी नव्हत्या हे मला माहीत होतं, आणि दसरा आठवड्यावर आला होता. प्रत्येक नवीन यादीत त्या पुन्हा तिथेच घसरल्या असत्या, आणि दिरांच्या समोर मी शेजारी नसणार होते.

त्याच आठवड्यात आमचं भात झोडून झालं. अंगणात रास केलेली. बाबा पायलीने मोजत होते, मी पोत्याचं तोंड धरून उभी होते. बाबांनी पहिली पायली भरली, वर हात फिरवून सपाट केली आणि पोत्यात ओतताना म्हणाले, “लाभ.” दुसरी ओतली, “दोन.” मग “तीन”, “चार”.

हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. इतकं ऐकलेलं की ऐकूच येत नव्हतं. माझ्या हातातून पोत्याचं तोंड सुटलं आणि चौथी पायली निम्मी बाहेर सांडली.

बाबा म्हणाले, “चेडवा, झोप इली काय तुका?”

मी विचारलं, बाबा, एक का नाही म्हणत? ते खाली बसून भात गोळा करत म्हणाले, सुरुवातीलाच एक म्हटलं तर एकावरच राहतं, लाभ म्हणून सुरुवात करायची, म्हणजे वाढतं. मी विचारलं, मग एक कुठे जातो? त्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणाले, “जातलो खंय? लाभ म्हणजेच एक तो.”

झालं. आमच्या लोकांना पहिल्या वस्तूला वेगळं नाव द्यायची जुनीच सवय. संगणकाने पहिलीला शून्य म्हटलं तेव्हा कुणाला नवल वाटलंच नाही, तो त्यांना लाभच वाटला. आणि लाभानंतर दोन येतात, हे सगळ्यांना तोंडपाठ. फरक एवढाच की लाभ हा एकाच्या जागी बसतो, म्हणून एक वेगळा म्हणावा लागत नाही. संगणकाचा शून्य एकाच्या जागी बसत नाही. तो आधी येऊन बसतो आणि एकाला दुसऱ्या वस्तूकडे सरकवतो.

भात आत नेऊन झाल्यावर मी वहिनींना फोन केला. म्हटलं, तुमच्याकडे भात मोजताना पहिलं माप काय म्हणतात? त्या म्हणाल्या, लाभ. आणि पुढचं बोलायच्या आधी त्याच ओरडल्या, “गे बाय माजे.” त्यांच्या मागून सासूबाई काय झालं म्हणून विचारत होत्या. मी समजावलं. त्या आपल्या शब्दांत घोळवून म्हणाल्या, “म्हणजे शून्य इलो तरी एक घरातच रवता. फक्त दुसऱ्या खोलीत जाता.”

इतकं नेमकं मला सांगता आलं नव्हतं. मी ते वाक्य तिथल्या तिथे लिहून घेतलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी हरमलला गेले. वहिनींनीच बोलावलं होतं, नुसती उभी राहा म्हणाल्या. बस बदलत पोचेपर्यंत उन्हं चढली होती. वहिनींना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. आवाजावरून धिप्पाड वाटल्या होत्या, निघाल्या माझ्याहून बुटक्या. दीर ओसरीवर खुर्चीत बसले होते, समोर स्टुलावर मोबाइल. त्यांनी मला नाव, गाव, वडील काय करतात हे विचारून घेतलं, आणि मग परीक्षा सुरू केली.

त्यांनी रशियन बाईचं नाव सांगितलं. वहिनींनी दोन नंबरची खोली दिली. पडद्यावर पाचही खोल्या आल्या आणि दुसरीपुढे त्या बाईचं नाव. दिरांनी एका इंग्रज जोडप्याचं नाव सांगितलं आणि सहज बोलल्यासारखं म्हणाले, दोन नंबर दे. वहिनींनी दिलं. पडद्यावर उमटलं, ‘ही भरली आसा. दुसरी बघ.’ ते शब्द वहिनींनीच घातले होते. दिरांनी सहावी खोली मागून बघितली. उत्तर आलं, ‘आमच्याकडे पाचच.’ मग त्यांनी आणखी एक डाव टाकला. म्हणाले, माडाखाली नवी झोपडी बांधतोय, ती सगळ्यांत आधी घाल, पहिली.

हे आम्ही ठरवलेलं नव्हतं. नवी यादी, नव्याने मोजणी. वहिनींनी माझ्याकडे बघितलं नाही. ओठ हलत होते. मला ऐकू आलं, “लाभ… एक…” त्यांनी सहा ओळी लिहिल्या आणि मोबाइल पुढे केला. झोपडी, आणि खाली पाच खोल्या. दोन नंबरची आपल्या जागी.

दिरांनी बोटाने एकेक ओळ मोजली, खाली लाल अक्षरं नाहीत ना ते बघितलं. मग विचारलं, “आता तांबडा नाय होणा?”

“नाय होणा, भावजी.”

त्यांनी चष्मा खिशात ठेवला, स्वतःचा फोन काढला आणि अंगणाच्या टोकाला जाऊन बोलले. एजंटाशी बोलत होते एवढं कळलं, शब्द आले नाहीत. परत येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, “शालन, बायेक च्याय दी. आणि त्या रशियनिणीक डास चावतत, ता खंय घालतलंस?” वहिनी म्हणाल्या, त्यासाठी जागा ठेवलेली आहे. आत चहा ठेवताना त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

अभय सरांना मी कारणासह पुन्हा लिहिलं. या वेळी कारण तीन ओळींचं होतं. एक दिवस उत्तर आलं नाही. मला वाटलं, पोदेरासारखंच होणार, लातूर आणि चंद्रपूर. मग आलं. ‘काल गावी वडिलांना फोन केला आणि विचारलं, ज्वारी मोजताना पहिल्या मापाला काय म्हणता. म्हणाले, लाभ. मी त्यांच्या शेजारी बसून लहानाचा मोठा झालो. जोडली.’

आता तो धडा उघडलात तर यादीच्या पानावर दोन ओळी दिसतील. धान्य मोजताना लाभानंतर दोन येतात, इथे शून्यानंतर एक येतो, आणि शून्य आला तरी एक घरातच राहतो, फक्त दुसऱ्या खोलीत जातो. दुसरं वाक्य कुणाचं हे तिथे लिहायची पद्धत नाही. म्हणून इथे लिहिलं.

त्या दोन ओळी मी बाबांना वाचून दाखवल्या. त्यांनी विचारलं, म्हणजे तुमच्या संगणकात पाच पायल्या मोजल्या तर शेवटी चारच म्हणतात? मी होय म्हटलं. बाबांना ते काही पटेना. वर्षभर राबून शेवटी चार म्हणायचं?

मी म्हटलं, “बाबा, भात तितक्याच. आकडो फक्त उणो.”

त्यांनी दाराआडची पायली घेतली, उलटी करून तळ झटकला आणि परत जागेवर ठेवली. म्हणाले, “भात तितक्याच आसा मा? मगे म्हणूंदेत.”